मंदीचा उजेड कोणाच्या दारी

जुलै 2008 मध्ये लंडनच्या धातुबाजारात तांब्याचा भाव टनाला साडेआठ हजार डॉलरच्या वर गेला होता. त्याच वर्षीचा डिसेंबर संपायच्या आत तो तीन हजारांच्या खाली उतरला. हे दोन्ही आकडे मी महाप्याच्या इलेक्ट्रॉनिक झोनमधल्या एका गाळ्यात, हिशेबाच्या टेबलाशी बसून पाहिले. आमच्याकडे यूपीएसला लागणारे ट्रान्सफॉर्मर तयार होत. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, आणि खर्चाचा मोठा वाटा तारेचाच. त्यामुळे भाव कोसळला तेव्हा माझ्या माहेरच्यांना वाटलं, चला, हिच्या कंपनीचं भलं झालं. बाजूच्या गाळ्यातल्या एकांनाही तसंच वाटलं. ते चहा घेऊन अभिनंदन करायला आले होते.

आमचे शेठ हसलेसुद्धा नाहीत. गोदामात ऑगस्टच्या भावाने घेतलेली तार छतापर्यंत रचलेली होती आणि हातात ऑर्डर नव्हती. ज्यांचं गोदाम रिकामं आणि बँकेचं खातं भरलेलं, त्यांनी त्या डिसेंबरात तार उचलली आणि पुढची दोन वर्षं सुखाने काढली. मंदीची उजळ बाजू म्हणतात ती मला पहिल्यांदा तिथे दिसली. खोटी नव्हती ती. फक्त दुसऱ्याच्या गाळ्यात होती.

तेव्हापासून कोणी मंदीतल्या संधीबद्दल बोलायला लागलं की मी विचारते, कोणाची मंदी आणि कोणाची संधी? रविवारच्या पुरवण्यांत असे लेख दर मंदीला येतात. मंदीत जन्मलेल्या आणि पुढे मोठ्या झालेल्या कंपन्यांची यादी त्यांत हमखास असते. त्याच वर्षी जन्मून त्याच वर्षी बुडालेल्यांची यादी कोणी करत नाही, कारण ती छापायला पुरवणी पुरणार नाही.

महापे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. नवी मुंबईत घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनला उतरायचं आणि शेअर रिक्षाने पूर्वेला यायचं. एका अंगाला पारसिकचा डोंगर, त्याच्या पोटात दगडखाणी, आणि शिळफाट्याकडे चढत जाणारा ट्रकांचा रस्ता. दुसऱ्या अंगाला एमआयडीसीने उभारलेलं मिलेनियम बिझनेस पार्क, काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुलं. या दोहोंच्या मधे आमच्यासारख्यांचे गाळे आणि शेड. मूळचं महापे हे आगरी गाव. साठच्या दशकात एमआयडीसीने या पट्ट्यातल्या जमिनी घेतल्या, 1970 मध्ये सिडको आली, आणि ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रसायनांचे मोठमोठे कारखाने उभे राहिले. त्यांतले पुष्कळ पुढे बंद पडले. काचेच्या इमारती आल्या त्या त्यांच्यानंतर.

माझा धाकटा भाऊ त्या काचेच्या इमारतीत रात्रपाळी करायचा आणि मी दिवसा गाळ्यात असायचे. सकाळी तो कोपरखैरण्याच्या घरी यायचा आणि मी निघायचे. आमच्या दोघांच्या नोकऱ्या एकाच धाग्याला बांधलेल्या होत्या, हे मला त्या वर्षीपर्यंत कळलं नव्हतं. तो अमेरिकेतल्या गृहकर्जांचे कागद तपासायचा. त्याच्यासारख्यांसाठी इमारतीत नवा मजला सुरू झाला की यूपीएस लागायचे, यूपीएस लागले की आम्हाला ऑर्डर यायची. 15 सप्टेंबर 2008 ला न्यूयॉर्कमध्ये लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली. पुढच्याच महिन्यात, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सेन्सेक्स आठ हजारांच्या खाली जाऊन आला. जानेवारीत तो एकवीस हजारांवर होता. नव्या मजल्यांचं काम थांबलं आणि आमच्याकडे ‘होल्ड’ असा एका शब्दाचा ईमेल यायला लागला. एरवी पर्चेस ऑर्डर पाठवताना हीच मंडळी चार पानांच्या अटी जोडायची.

भावाच्या नोकरीचं मूळ शोधायला गेलं तर तेही एका मंदीतच सापडतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इंटरनेटच्या धुंदीत जगभर समुद्राखालून फायबरच्या तारा टाकल्या गेल्या. इतक्या टाकल्या, की 2001 मध्ये फुगा फुटल्यावर त्या वापरायला कोणी उरलं नाही. फ्लॅग टेलिकॉम 2002 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि रिलायन्सने ती सुमारे 20 कोटी डॉलरला घेतली. टायको कंपनीने दोन अब्ज डॉलरहून अधिक ओतून उभं केलेलं समुद्राखालचं जाळं टाटांच्या व्हीएसएनएलला 13 कोटी डॉलरमध्ये मिळालं. रिलायन्सच्या दूरसंचार व्यवसायाचं ठाणं, धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी, तेव्हा आमच्या कोपरखैरण्यात, महाप्यापासून रिक्षाच्या अंतरावर होतं. अमेरिकेशी बोलणं एकदम स्वस्त झालं. त्याच वेळी मंदीने खर्चात कपात करायला निघालेल्या अमेरिकी कंपन्यांना फोनवर बोलणारी, कागद तपासणारी माणसं स्वस्तात हवी होती. महाप्यातल्या पोरांना पंचविशीत जो पगार मिळायला लागला तो त्यांच्या वडिलांना निवृत्तीच्या वेळीही मिळाला नव्हता. त्या पगारावर आमच्या चाळीवजा घरांना टाइल्स लागल्या. अमेरिकेत या तारांमध्ये पैसे गुंतवलेल्या कोणा निवृत्त मास्तरांची पुंजी बुडाली असणार, आणि तिचा एक बारीकसा अंश आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याला लागला.

याच मुंबईत हे पूर्वीही घडलं होतं. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या. तिथले विणकर धर्मादाय सूपवर जगत होते तेव्हा मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता, कारण आता कापूस आपलाच होता. बॅकबेचा समुद्र बुजवायला काढलेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपलं आणि जुलैत मुंबई कोसळली. बँक ऑफ बॉम्बे बुडाली. 1864 च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाखांवर होती, ती 1872 मध्ये साडेसहा लाखांच्या आत आली. सुमारे पावणेदोन लाख माणसं गेली कुठे? बहुतेक आपापल्या गावी. लँकेशायरची चूल पुन्हा पेटली आणि गिरगावातली विझली.

या साऱ्या सट्ट्याचे म्होरके प्रेमचंद रायचंद. तेही दिवाळखोरीत गेले. पण त्याच्या आधी, 1864 मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि आईच्या नावाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख देऊन ठेवले होते. राजाबाई टॉवर पुरा झाला 1878 मध्ये, म्हणजे कोसळण्याला तेरा वर्षं झाल्यावर. ज्या पोरांनी त्या ग्रंथालयात अभ्यास केला त्यांना शेअरबाजाराशी काही देणंघेणं नव्हतं. मला या गोष्टीत दानशूरपणापेक्षा तारीख महत्त्वाची वाटते. देणगी 1865 मध्ये द्यायची ठरवली असती तर आज तिथे मनोरा नसता. पैसा हातात होता तेव्हाच तो बाजूला निघाला म्हणून उरला. ही तारीख ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आमच्या गाळ्यात मात्र बाजूला काढलेलं काही नव्हतं. नोव्हेंबरात वाइंडिंगच्या बायकांना ‘ब्रेक’ दिला. एमआयडीसीत काम केलेल्यांना हा शब्द माहीत असतो. काढून टाकलं असं कोणी म्हणत नाही, ब्रेक दिला म्हणतात, म्हणजे माणूस उद्या पुन्हा येणार असल्यासारखं वाटतं. त्या सगळ्या ठेकेदाराच्या खात्यावरच्या होत्या. तुर्भे स्टोअर्सच्या, दिघ्याच्या, काही घणसोली गावातल्या. मी त्यांच्या हजेरीचे दिवस मोजून पाकिटं भरली. एकीने पाकीट उघडून पाहिलंही नाही. तिने फक्त विचारलं, “मॅडम, भिशीचा नंबर पुढच्या महिन्यात माझा आहे, तोवर बोलावणार ना?” मी शेठकडे पाहिलं, शेठ मशीनकडे पाहत होते.

दोघी-तिघी राहिल्या. आणि इथे ती गोष्ट आहे जिच्यासाठी मंदीला मी सरसकट शिव्या देत नाही.

नवे यूपीएस कोणी घेईना तसे जुने दुरुस्तीला यायला लागले. एरवी जळलेला ट्रान्सफॉर्मर भंगारात जायचा, नवा बसवायचा, कारण दुरुस्तीत वेळ घालवायला कोणाला सवड होती? आता आमच्या दारात टेम्पोतून जळकी धुडं उतरायला लागली. तेजीत आमच्याकडे वाइंडिंग म्हणजे बॉबिन मशीनला लावायचा, टर्नचा आकडा टाकायचा, पायाने पेडल दाबायचं. जळलेल्याचं तसं नसतं. आधी वार्निशने दगडासारखा झालेला गठ्ठा सोडवायचा. ई आणि आय आकाराच्या पत्र्या एकेक करून उपसायच्या, वाकवायच्या नाहीत, कारण त्याच परत बसवायच्या असतात. मग गुंडाळी थराथराने उलगडायची, प्रत्येक थराचे टर्न मोजायचे, मधल्या कागदाची जाडी पाहायची, तारेचं गेज मायक्रोमीटरने घ्यायचं. मोजणी चुकली की सगळं फिरून मुळापासून. जुनं तांबं वजन करून भंगारात द्यायचं, नव्या तारेने तसंच्या तसं भरायचं, वार्निशमध्ये बुडवायचं, भट्टीत सुकवायचं.

हे पूर्ण येणारी आमच्याकडे एकच होती, घणसोली गावातली एक मावशी. पूर्वी मोटारी भरायच्या एका दुकानात काम केलेली. तेजीच्या वर्षांत तिची कोणाला किंमत नव्हती, कारण तिचा हात सावकाश चालायचा आणि पीस-रेटच्या यादीत तिचं नाव कायम खाली. मी तिला एकदा म्हटलं, मावशी, एवढं मोजत बसण्यापेक्षा मशीनवर अंदाजाने टाकलं तर? ती म्हणाली, “मशीनला काय मॅडम, आकडा टाकला की फिरतं. पण याचा आकडा कोणी लिहून ठेवलाय?” तिने जो आकडा काढला तो मी वहीत लिहायला लागले. कंपनीचं नाव, केव्हीए, टर्न, गेज, थर. महिन्या-दोन महिन्यांत वही भरली आणि आमच्याकडे पहिल्यांदा असं काही जमा झालं जे बाजारात विकत मिळत नव्हतं. शेठ तिच्या टेबलाशी येऊन उभे राहायला लागले. टेस्टिंगचा पोरगा, जो डिप्लोमावाला असल्याची आठवण सगळ्यांना दिवसातून दोनदा द्यायचा, तोही तिच्याकडून शिकला. आम्ही बुडलो नाही ते या कामावर. पुढे तिने घरीच मोटारी आणि स्टॅबिलायझर भरायला घेतले. त्या वर्षाचा उजेड तिच्या दारी पडला. मी तो डोळ्यांनी पाहिला.

भिशीवालीला मात्र आम्ही परत बोलावलं नाही. काम परत आलं तेव्हा शेठनी दोन नवी मशीनं घेतली. डिसेंबर 2008 मध्ये सरकारने उत्पादन शुल्क सरसकट चार टक्क्यांनी उतरवलं होतं, मशीन स्वस्त पडलं. हिशेबाने पाहिलं तर निर्णय बरोबर होता. मीच तो हिशेब मांडून दिला होता आणि आजही तोच मांडीन.

भावाचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याचा अर्धा मजला रिकामा झाला. उरलेल्यांची पगारवाढ गेली, रात्री घरी सोडणारी गाडी गेली, आणि नव्याने निवडलेल्या मुलांना रुजू व्हायची तारीख सहा-सहा महिने पुढे ढकलल्याची पत्रं गेली. मग 2009 च्या मध्यावर त्याचं काम अचानक वाढलं. अमेरिकेत लोकांचे हप्ते थकले होते, घरं जप्त होत होती. त्या एका वर्षात तिकडे सुमारे 28 लाख घरांवर जप्तीच्या नोटिसा निघाल्या. प्रत्येक नोटिशीमागे कागद, आणि ते कागद लावायला स्वस्तातली माणसं. दोन वर्षांपूर्वी ज्या प्रकारची कर्जं त्याने मंजुरीसाठी तपासली होती तशाच कर्जांच्या जप्तीची कागदपत्रं तो आता लावत होता. ओव्हरटाइम मिळायला लागला. आईने घरात पेढे आणले. तो म्हणाला, “नको वाटू ताई शेजारी.” मी वाटले नाहीत.

मंदीने माणसांची प्रकृती सुधारते, असं म्हणणारेही विद्वान आहेत, आणि त्यांची चेष्टा करण्याआधी त्यांचं काम पाहिलेलं बरं. क्रिस्टोफर रूम नावाच्या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1972 ते 1991 या काळातल्या अमेरिकेच्या नोंदी तपासून 2000 मध्ये एक निबंध छापला. बेकारी एक टक्क्याने वाढली की एकूण मृत्यू साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होतात, असं त्याला आढळलं. रस्त्यावरचे अपघात घटतात. लोक कमी ओढतात, जास्त चालतात. याच आकड्यांत एक ओळ उलट्या दिशेने जाते, ती आत्महत्यांची. मला यात विद्वानांचा दोष दिसत नाही, सरासरीचा दिसतो. महाप्याच्या चौकात त्या हिवाळ्यात ट्रक कमी होते, डोंगराच्या बाजूने येणारी खाणीची धूळ कमी होती, दम्याच्या माणसाला बरं वाटलं असेल. ट्रकचा हप्ता भरणाऱ्याला काय वाटलं ते विचारायला सरासरी जात नाही. आणि ही स्वच्छ हवासुद्धा टिकत नाही. 2009 मध्ये जगाचं कार्बन उत्सर्जन एक-दीड टक्क्याने उतरलं होतं, 2010 मध्ये ते पाच टक्क्यांहून जास्त चढलं. मंदीने लागलेल्या सवयी मंदीबरोबरच जातात.

पगार चालू असलेल्यांची मंदी हा एक वेगळाच प्रकार आहे, आणि त्यात मीही होते. डिसेंबरात पेट्रोल पाच रुपयांनी उतरलं, जानेवारीत पुन्हा पाच रुपयांनी, वर सिलेंडर पंचवीस रुपयांनी. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ऑक्टोबरात नऊ टक्के होता, एप्रिलपर्यंत पावणेपाचवर आला. स्टेट बँकेने फेब्रुवारी 2009 मध्ये पहिल्या वर्षाला आठ टक्क्यांनी गृहकर्ज जाहीर केलं. कोपरखैरण्यात, घणसोलीत, ऐरोलीत ज्यांनी तेव्हा घर घेतलं ते आजही त्या वर्षाचं नाव काढतात. माझं कर्ज दुसऱ्या एका बँकेचं आणि जुनं. दर चढले तेव्हा माझ्या हप्त्यांची मुदत माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेली होती. दर उतरले तेव्हा मी चौकशीला गेले. समोरचा मुलगा फार अदबीने म्हणाला, “मॅडम, ही सवलत नव्या ग्राहकांसाठी आहे.” जुन्या कर्जदाराने महाग व्याज भरायचं आणि त्यावर नव्याला स्वस्त द्यायचं. पुढे 1 जुलै 2010 पासून रिझर्व्ह बँकेने आधार दराची पद्धत आणली, त्यालाही पळवाटा निघाल्याच. पण माझी ही कुरकुर लहान आहे. मी हप्ता भरत होते, म्हणजे मला पगार होता.

एवढं सगळं पाहिल्यावर प्रश्न उरतो तो असा, की ज्याने मंदी सोसली त्याच्याच दारी थोडा उजेड पडला, असं कधी घडलंय का? घडलंय, आणि महाराष्ट्रातच. त्याचा पुरावा पगाराच्या पावतीवर छापलेला असतो. वर्षानुवर्षं मी तो छापत होते. ‘पीटी’ म्हणून जी दोनशे रुपयांची कपात दिसते, फेब्रुवारीत तीनशेची, तो व्यवसाय कर. कारखान्यात दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन विचारायचं, हे कसले पैसे कापता? मलाही सांगता यायचं नाही, सरकारचे म्हणायचे.

ते 1972 च्या दुष्काळाचे पैसे आहेत. सलग पाऊस गेला, विहिरी आटल्या, आणि लाखो माणसं खडी फोडायला, तलावांचे बांध घालायला सरकारी कामांवर आली. सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाऊन त्या पिढीने दिवस काढले. माझ्या सासूबाई सांगोल्याकडच्या, त्यांना मिलोचं नाव काढलेलं आवडत नाही. काम मागेल त्याला सरकारने काम द्यावं, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी दुष्काळाच्या आधीपासून लावून धरली होती, आणि तासगाव तालुक्यात साठच्या दशकातच तिचा प्रयोग झाला होता. दुष्काळाने ती राज्यभर नेली. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पैसे कुठून आणायचे? 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला गेला. शहरात ज्यांचा पगार चालू आहे त्यांनी, ज्यांचं शेत करपलंय त्यांच्या मजुरीसाठी, दर महिन्याला थोडं द्यायचं, असा तो बेत. तेवढीच भर सरकारने घालायची. तीस वर्षांनी 2005 मध्ये देशाचा कायदा आला त्याचा नमुना हाच, आणि 1 एप्रिल 2008 ला तो सगळ्या जिल्ह्यांत पोचला, लेहमन बुडायच्या साडेपाच महिने आधी. रोजगार हमीच्या हजेरीपटांत काय काय घोटाळे झाले ते मला माहीत आहे, हजेरीपट ही माझ्या धंद्यातलीच वस्तू. तरीही दुष्काळाने त्याच्याच माणसांना काही दिलं असेल तर ते हे. प्रेमचंद रायचंदांच्या मनोऱ्यासारखंच इथेही पैसे आधी बाजूला निघालेले होते. फरक एवढाच, की ते एका शेटजींच्या मर्जीवर ठेवलेले नव्हते.

महाप्यातून ब्रेक मिळालेल्या बाईला या कायद्याचा काही उपयोग नव्हता. तो गावाकडचा होता, एमआयडीसीतला नाही. तिच्यासाठीही एक तरतूद कागदावर होती. 1 एप्रिल 2005 पासून कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ईएसआयची, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना सुरू झाली होती. कारखाना बंद पडला किंवा कामगार कपात झाली तर पगाराच्या निम्मा भत्ता काही महिने मिळायचा. अट अशी, की त्याआधी काही वर्षांची वर्गणी भरलेली पाहिजे. ज्या बायकांना दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो, ठेकेदार बदलतो, दर ठेकेदाराकडे नवा नंबर पडतो, त्यांची वर्षं भरणार कशी? आमच्याकडच्या एकीलाही तो भत्ता मिळाला नाही. काचेच्या इमारतीतल्या मुलांना तर पगार जास्त म्हणून ईएसआयच लागू नव्हता, त्यामुळे त्यांच्या वाट्याला फक्त ‘फुल अँड फायनल’.

2018 मध्ये याच धर्तीवर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली, वर्गणीची अट बरीच सैल करून. भत्ता नव्वद दिवसांपर्यंत. आधी सरासरी मजुरीच्या 25 टक्के होता, कोविडच्या वर्षी, 2020 मध्ये, तो 50 टक्के केला. त्या वर्षी महाप्यातले कितीतरी गाळे महिनोन्‌महिने बंद होते. मी तोवर ती नोकरी सोडून चार-पाच लहान कारखान्यांचे पगारपत्रक करायला लागले होते. लोक फोन करायचे, ताई, काही मिळतं का? अर्ज भरताना अडायचं ते बहुतेक एकाच जागी. नोकरी सुटण्याचं कारण काय, या रकान्यात कारखान्याने ‘राजीनामा’ लिहिलेलं असायचं. स्वतःहून सोडलेल्याला हा भत्ता नाही. माणसाला बोलावून, एका कोऱ्या कागदावर घरगुती अडचणीमुळे काम सोडत आहे असं लिहून घेतलेलं असतं, कारण कपात दाखवली तर नोटीस, भरपाई आणि कामगार आयुक्तांचे कागद मागे लागतात. मंदीत जे थोडंफार त्याच्या नावावर ठेवलेलं असतं तेही त्या एका ओळीने जातं.

म्हणून लहान कारखानदारांना माझं सांगणं आहे, माणूस काढावा लागला तर काढा, पण त्याच्याकडून राजीनामा लिहून घेऊ नका. आणि ज्याच्या पावतीवर ईएसआयची कपात दिसते त्याने ती वर्गणी आपल्या एकाच नंबरावर जमा होते आहे ना, हे आज, काम चालू असतानाच तपासून घ्यावं. काम गेल्यावर समोर कोरा कागद आला, तर त्यावर सही करू नये.